वन टू थ्री आणि चार शेंगदाणे

परभणीत एकतीस वर्षं बालवाडी चालवली. आता शाळा नाही, पण पत्रं येतात. या महिन्याच्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न टीव्हीचे आणि कार्टूनचे होते. त्यातली चार निवडली आहेत. जागेसाठी पत्रं थोडी आटोपशीर केली, शब्द मात्र लिहिणाऱ्यांचेच ठेवले आहेत.

बाई, नमस्कार. माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. पुण्याची नणंद म्हणते ब्लूई आणि पेपा पिग दाखव, इंग्रजी सुधारतं. शेजारचा मुलगा दिवसभर छोटा भीम बघतो. माझी आई म्हणते, टीव्हीच बंद कर. माझ्या मुलीला एबीसीडी पूर्ण येते, वन टू थ्री ट्वेंटीपर्यंत येतं, आणि हे सगळं ती यूट्यूबवरच्या गाण्यांतून शिकली. कोणत्या मालिकेतून मुलं खरंच शिकतात, ते एकदा स्पष्ट सांगा.
— एक आई, उदगीर

ताई, साडेतीन वर्षांच्या वयात वीसपर्यंत म्हणता येतं ही चांगलीच गोष्ट आहे. आज संध्याकाळी एवढं करा. ताटलीत मूठभर शेंगदाणे ठेवा आणि मुलीला म्हणा, "मला चार दे." तिनं मोजून चार दिले तर तिला 'चार' कळला. दोन्ही हातांनी उचलून सगळे दिले, तर वन टू थ्री तिला गाण्यासारखं पाठ आहे, आकड्याची ओळख अजून व्हायची आहे. घाबरू नका, या वयाच्या बऱ्याच मुलांचं असंच असतं. पण "टीव्हीवरून शिकली" म्हणताना ती नेमकं काय शिकली हे बघायला हवं, आणि मालिकांची तुलनासुद्धा तिथूनच सुरू करायला हवी.

आमच्या बालवाडीला एका पालकांनी जुना टीव्ही दिला होता. मुलं बघायची तेव्हा मी टीव्हीच्या बाजूला, मुलांकडे तोंड करून बसायचे. पडद्यावर काय चाललंय ते मला दिसायचंच नाही. वहीत दोन रकाने केले होते: 'तोंड उघडं' आणि 'तोंड चालू'. काही कार्यक्रमांना सगळ्या पोरांची तोंडं नुसती उघडी राहायची, डोळे ताणलेले, हातातला खाऊ हातातच. काहींना मात्र पोरं बोलायची, टीव्हीला उत्तर द्यायची, बोट दाखवायची, शेजारच्याला ढोसून "बघ की रे" म्हणायची. मोठ्यांना वाटतं, टक लावून बघतंय म्हणजे शिकतंय. माझी वही तसं सांगत नव्हती.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेत हेच काम फार आधी, फार शिस्तीत झालं होतं. लॉइड मॉरिसेट नावाच्या मानसशास्त्रज्ञाची छोटी मुलगी पहाटे उठून टीव्हीसमोर बसायची आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीचं ते नुसतं स्थिर चित्र बघत राहायची. (आपल्याकडे दूरदर्शनवर रंगीत पट्टे दिसायचे, ते माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असतील.) पोरं एवढी बघतातच, तर त्यातून त्यांना काही शिकवता येईल का, हा प्रश्न त्यांनी आणि टीव्ही निर्मात्या जोन गान्झ कूनी यांनी धरून ठेवला. त्यातून १० नोव्हेंबर १९६९ रोजी 'सेसमी स्ट्रीट' सुरू झालं. एडवर्ड पामर नावाचे संशोधक मुलाला टीव्हीसमोर बसवायचे आणि शेजारी एका पडद्यावर दर सात-आठ सेकंदांनी दुसरी चित्रं बदलत ठेवायचे. मुलाची नजर कार्यक्रमावरून कोणत्या क्षणी हलते, याची नोंद व्हायची. जिथं नजर हलली तो तुकडा पुन्हा लिहायचा, पुन्हा करायचा. लहान मुलांच्या कार्यक्रमामागे एवढे कष्ट असतात हे वाचून मला भरून आलं होतं.

त्याचं फळही दिसलं. त्या काळी अमेरिकेत हा कार्यक्रम सगळीकडे नीट दिसत नव्हता, तो अँटेना आणि प्रसारणाच्या प्रकारावर अवलंबून होता. सुमारे दोन तृतीयांश लोकवस्तीला तो दिसायचा, उरलेल्यांना नाही. मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हाइन या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे ताडून पाहिलं, तेव्हा जिथं कार्यक्रम नीट दिसत होता तिथली मुलं आपल्या वयाच्या इयत्तेत मागे न राहता जास्त प्रमाणात टिकलेली आढळली. गरीब भागांत हा फायदा अधिक होता. आपल्या तालुक्या-तालुक्यांत कोणत्या घरात काय लागतं याची मला काळजी वाटते, ती यामुळेच. ज्या घरात पुस्तक नाही, तिथं चांगल्या कार्यक्रमाचं मोल जास्त असतं. म्हणून तुमच्या आईंचं "टीव्हीच बंद कर" मला साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी पटत नाही.

याच कार्यक्रमाचा भारतीय अवतार म्हणजे 'गली गली सिम सिम', २००६ पासूनचा. शाळेच्या गणवेशातली चमकी, गुगली, सिंह असलेला बूम्बा. हिंदीत आहे, पण गल्ली आपली वाटते, घरं आपली वाटतात. माझ्या वहीत 'तोंड चालू'च्या रकान्यात तो वर आहे.

प्रश्न विचारून थांबणारे कार्यक्रम हा वेगळाच प्रकार. १९९६ मध्ये अमेरिकेत 'ब्लूज क्लूज' आला. त्यातला दादा मुलांना प्रश्न विचारतो आणि खरोखर गप्प राहतो. घरातलं पोर ओरडून उत्तर देईपर्यंत वाट बघतो. २००० साली आलेल्या 'डोरा'नं तीच पद्धत घेतली. त्या गप्प राहण्याची किंमत बालवाडी चालवणाऱ्या बाईला विचारा! नव्या शिक्षिकांना मी पहिली गोष्ट तीच शिकवायचे: प्रश्न विचारलात ना, आता मनात पाच आकडे मोजा, मग बोला.

पेपा पिग ब्रिटनची, २००४ पासूनची. भाग जेमतेम पाच मिनिटांचा आणि एका भागात एकच गोष्ट, त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाला धागा सापडतो. इंग्रजी सुधारण्यासाठी म्हणून लावू नका, घरात ते इंग्रजी कुणी बोलत नसेल तर चार शब्दांपलीकडे फार काही टिकत नाही. गोष्टीसाठी लावा. पेपाला चिखलाच्या डबक्यात उड्या मारायला आवडतं. आमच्याकडचा एक मुलगा ते बघून म्हणाला, "बाई, हिचा चिखल पायाला चिकटंना. आमच्या वावरातला लई चिकटतो, चप्पलच निघंना." मग आम्ही अंगणात काळी माती आणि मुरूम असे दोन ढीग केले, पाणी ओतलं आणि कोणता चिखल जास्त चिकटतो ते बघितलं. त्या मुलाला पेपानं काही शिकवलं का? तिनं एक निमित्त दिलं. शिकवलं आमच्या काळ्या मातीनं.

ब्लूई ऑस्ट्रेलियाची, २०१८ पासूनची, सात मिनिटांचे भाग. ती आईबाबांनी शेजारी बसून बघावी असं मी म्हणेन. त्यातले आईबाप पोरांबरोबर बिनखेळण्यांचे खेळ खेळतात, ते बघून तुम्हालाच दोन खेळ सुचतील. छोटा भीम २००८ पासूनचा. गोष्टी रंगतदार आहेत, पण त्या जरा मोठ्या मुलांसाठी. भीम का लढला हे साडेतीन वर्षांच्या पोराच्या ध्यानात राहत नाही, कसा लढला ते राहतं आणि दुपारी धाकट्या भावावर उमटतं. सहा वर्षांनंतर खुशाल बघू द्या. आणि एकामागून एक आपोआप लागणारी यूट्यूबची गाणी माझ्या यादीत सगळ्यात खाली आहेत. गाणं वाईट नसतं, पण ते संपतच नाही, आणि न संपणाऱ्या गोष्टीवर बोलणार कधी?

बोलण्यावर मी एवढा भर देते त्याला कारण आहे. अमेरिकेत 'डॅनियल टायगर' ही मालिका रागलोभ कसे सांभाळावेत, वाटून कसं घ्यावं हे शिकवायलाच बनवली आहे. टेक्सासमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन ते सहा वर्षांच्या मुलांना तिचे दहा भाग दोन आठवड्यांत दाखवले. दुसऱ्याचं मन ओळखण्यात फरक पडला, पण तो त्याच मुलांत, ज्यांच्या घरी आईवडील टीव्हीवर बघितलेल्या गोष्टींविषयी नेहमी बोलायचे. मालिका तीच, भाग तेच, फरक घराचा.

तेव्हा ताई, स्पष्ट उत्तर असं: या वयाला गली गली सिम सिम, पेपा किंवा प्रश्न विचारून थांबणारी एखादी मालिका. दिवसाला दोन-तीन भाग, एकूण वेळ तासाच्या आत. भाग संपल्यावर टीव्ही बंद करून एकच प्रश्न विचारा, "मग काय झालं गं?" आणि पाच आकडे मोजा.

मा. बाई यांस सप्रेम नमस्कार. नातू सव्वा वर्षाचा आहे. मुलगा-सून दिवसभर सोयाबीन काढणीला. आम्ही दोघं म्हातारे सांभाळतो. मोबाइलवर गाणी लावल्याशिवाय पोरगा घास घेत नाही. गावातली पोरं म्हणतात, त्यानं मेंदू तल्लख होतो. खरं का? घरात हिचा टीव्हीही चालू असतो, पण नातू तिकडं बघत नाही.
— एक आजोबा, गंगाखेड तालुका

आजोबा, नमस्कार. या वयात गाण्यांच्या व्हिडिओनं मेंदू तल्लख होत नाही. वरच्या ताईंना मी मालिका निवडून दिल्या, तुमच्या नातवासाठी एकही निवडणार नाही.

पॅट्रिशिया कूल या संशोधक बाईंनी २००३ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींच्या समोर चिनी बोलणारी बाई प्रत्यक्ष बसून पुस्तक वाचायची, खेळायची. काहींना तीच बाई, तेच बोलणं, पण टीव्हीवर. बारा बैठकांनंतर प्रत्यक्ष ऐकलेल्या बाळांना चिनी ध्वनींतला फरक कळू लागला. टीव्हीवाल्या बाळांना काही म्हणजे काही कळलं नाही. २०१० मध्ये जूडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक ते दीड वर्षाच्या मुलांना शब्द शिकवणारा एक लोकप्रिय व्हिडिओ महिनाभर दाखवून पाहिला. व्हिडिओ न बघणाऱ्या मुलांपेक्षा त्यांना जास्त शब्द आले नाहीत. सगळ्यात जास्त शब्द कुणाला आले? ज्यांच्या आईबापांनी व्हिडिओशिवाय, रोजच्या कामात ते शब्द वापरले, त्यांना. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच म्हटलं, ते याच समजुतीला धरून आहे.

टीव्हीचं म्हणाल, तर नातू बघत नाही हे खरं. पण आजी तर बघतात ना? घरात टीव्हीचा आवाज असला की मोठी माणसं लेकराशी कमी बोलतात. एका अमेरिकी अभ्यासात अशा प्रत्येक तासामागे बाळाच्या कानावर मोठ्यांचे सुमारे ७७० शब्द कमी पडले. दिवसभर सांभाळणारी तुम्ही दोघंच, म्हणजे त्याची सगळी भाषा तुमच्याकडूनच यायची. आजींची आवडती मालिका बंद करा असं सांगणार नाही मी, त्यांचाही जीव आहे. तो झोपल्यावर लावा.

घासाचं असं करा. ताटली घेऊन ओसरीवर बसा. शेळी दिसली की "शेळी काय खायली?" विचारा, घास द्या. कोंबडी, ट्रॅक्टर, वरून जाणारा कावळा. पहिले तीन-चार दिवस तो मोबाइलसाठी रडेल, थोडा उपाशीही राहील. तब्येतीनं ठणठणीत असलेलं पोर भूक लागली की खातंच. वजन कमी व्हायला लागलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. आणि आजोबा, तुमच्याकडे सांगण्यासारखं किती आहे! बैलांची नावं, शेताची नावं, गोदावरीचं पाणी कुठवर आलं होतं ते. त्याला अर्थ कळणार नाही, आवाज कळेल.

माझा मुलगा चार वर्षांचा. कंपनीतून आलो की तो एकच कार्टून, एकच भाग लावायला सांगतो. रोज! बंद केलं की आदळआपट करतो. बोलतोही त्यांच्यासारखं हिंदीत, "पापा, मुझे छोड दो." घरात आम्ही सगळे मराठी. मुलाचं काही चुकतंय का?
— एक वडील, वाळूज

मुलाचं काही चुकत नाही.

तोच भाग पुन्हा मागणं हे तर शिकण्याचं लक्षण. ब्लूज क्लूजवाले एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवायचे. मुलं कंटाळायची नाहीत. उलट पाचव्या दिवशी उत्तरं जास्त द्यायची, गोष्ट जास्त समजायची. आपणही नाही का, एकच गोष्ट शंभरदा सांगायला लावायचो आजीला आणि तिनं एक शब्द बदलला की भांडायचो?

आदळआपटीचं वेगळं आहे. त्यासाठी कार्टूनचा वेग मोजा. एक वाटी घ्या, मुठीत ज्वारीचे दाणे घ्या. पडद्यावरचं ठिकाण बदललं की वाटीत एक दाणा टाका. दहा मिनिटांनी वाटी बघा. मग गली गली सिम सिमसारखा एखादा सावकाश कार्यक्रम लावून तसंच करा आणि दोन्ही वाट्या शेजारी ठेवा. अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी २०११ मध्ये चार वर्षांच्या साठ मुलांवर असाच विचार तपासला. काहींना नऊ मिनिटं वेगवान 'स्पंजबॉब' दाखवलं, त्यात सरासरी अकरा सेकंदांनी दृश्य बदलतं. काहींना 'कायू' दाखवलं, त्यात सरासरी चौतीस सेकंदांनी. उरलेल्यांना रंगखडू दिले. ज्वारीच्या हिशेबात सांगायचं तर एका वाटीत पन्नासाच्या आसपास दाणे, दुसरीत सोळा. लगेच नंतर मुलांना थांबून विचार करावा लागेल अशा गोष्टी करायला लावल्या: "डोकं" म्हटलं की पायाला हात लावायचा, समोरचा खाऊ सांगेपर्यंत खायचा नाही. वेगवान कार्टून बघितलेली मुलं त्यात मागे पडली. हा परिणाम बघितल्यावर लगेचचा आहे, जन्माचं नुकसान झालं असा अर्थ काढू नका. पण ज्या क्षणी तुम्ही रिमोट उचलता, त्याच क्षणी त्याची स्वतःला आवरायची ताकद सगळ्यात कमी असते, एवढं लक्षात घ्या. भाग अर्ध्यावर तोडू नका. सुरू करतानाच सांगा, "हा भाग संपला की बंद, बटण तू दाबायचंस." आणि लगेच "डोकं म्हटलं की पाय" खेळायला घ्या. पहिल्यांदा तुम्हीच चुका, त्याला फार आनंद होईल.

हिंदीची काळजी करू नका. कानावर पडलेली भाषा पोरांनी उचलली तर ते हुशारीचंच आहे. वाळूजला तर शेजारीपाजारीही ती त्याला मिळत असेल. मला खंत आहे ती दुसऱ्या बाजूची. आपल्या मराठीत या वयाच्या मुलांसाठी टीव्हीवर फार थोडं आहे. १९८४ पासून पुण्याची बालचित्रवाणी मराठी शैक्षणिक कार्यक्रम करायची, ती २०१७ मध्ये बंद पडली. टाळेबंदीत, २०२० च्या जुलैमध्ये, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, पण ती पहिली ते आठवीसाठी. पहिलीच्या भागांना आमच्या गल्लीतली चार-पाच वर्षांची पोरंही येऊन बसायची, कारण त्यातली माणसं त्यांच्या भाषेत बोलायची. तीन ते सहा वयासाठी असं काही मराठीत व्हावं, असं मी भेटेल त्याला सांगते. तोवर तुमच्या घरातली मराठी तुमच्याच तोंडून जायची आहे. तो हिंदीत म्हणाला, "पापा, मुझे छोड दो," की तुम्ही मराठीत म्हणा, "सोडतो, पण सांग, तुला पकडलंय कुणी?" मग तो सांगेल गोष्ट.

बाई, आमच्या अंगणवाडीत टीव्ही बसवून मिळाला. बावीस मुलं आहेत, त्यात सहा तांड्यावरची, त्यांना मराठी कमी कळतं. टीव्ही लावला की सगळी गप्प बसतात आणि मला रजिस्टरं लिहायला वेळ मिळतो. पण मन खातं. किती वेळ लावावा?
— अंगणवाडी सेविका, कळंब तालुका

बाई, तुमच्या रजिस्टरांचं ओझं मला माहीत आहे, त्यामुळे मन खाऊ देऊ नका. पण ती बावीस मुलं गप्प आहेत, हेच माझ्या वहीतलं 'तोंड उघडं'.

दहा मिनिटं लावा, जास्त नको, आणि त्या दहा मिनिटांत रजिस्टर मिटून ठेवा. टीव्हीच्या बाजूला मुलांकडे तोंड करून बसा. आठवड्यात एकच गोष्ट घ्या. सोमवारी आवाजासकट. मंगळवारी तीच गोष्ट आवाज पूर्ण बंद करून लावा आणि काय चाललंय ते मुलांना सांगू द्या. तांड्यावरची सहा मुलं इथे बोलतील बघा, कारण चित्र सगळ्यांना सारखंच कळतं आणि सांगायला त्यांची गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, चालते. तुम्हाला शब्द कळला नाही तर त्यांनाच विचारा, "याला काय म्हणता तुम्ही?" बुधवारी टीव्ही नको. गोष्टीतल्या वस्तू अंगणात मांडा, चिंचोके, डबा, दोरी, जे असेल ते, आणि गोष्ट करायला लावा. गुरुवारी परत टीव्ही. त्या दिवशी किती पोरं टीव्हीच्या आधीच पुढचं बोलतात ते मोजा.

रजिस्टरं मुलं जेवून झोपल्यावर लिहा. आणि मंगळवारी त्या सहा जणांनी काय काय सांगितलं ते मला पत्रानं कळवा. शब्द त्यांचेच ठेवा, मराठी करू नका.